मागचं-पुढचं मावशी

मावशींपुढे वचन म्हणायचं, तर माणसानं आधी खुर्चीचे हात घट्ट धरून बसावं. तुम्ही डोळे अर्धे मिटून, आवाजात थोडा कंप आणून पवित्र शास्त्रातली एखादी गोड ओळ म्हणायचात आणि समोरून चहाच्या घोटाबरोबर प्रश्न यायचा, "छान. मागचं वचन काय आहे?" तुम्ही चाचपडायचात. "बरं, पुढचं?" तुम्ही चष्मा शोधायला लागायचात. "म्हणजे मधलं एकटंच उचलून आणलंस होय? त्याच्या आईबापांना तरी विचारायचंस!" असं म्हणून त्या शंकरपाळ्यांचा डबा पुढे करायच्या. अपमान आणि शंकरपाळे एकाच हातानं वाढणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

त्यांचं नाव शालिनी. आम्ही पाठीमागे त्यांना 'मागचं-पुढचं मावशी' म्हणायचो आणि आपण फार गुप्तता पाळतोय अशा समजुतीत होतो. एकदा मी फोन करून "मावशी बोलताय ना?" असं विचारलं, तर पलीकडून शांतपणे आवाज आला, "कोणती हवीय? मागची की पुढची?"

दिल्लीत मराठी ख्रिस्ती माणूस भेटणं म्हणजे चांदनी चौकात कोकम मिळण्यासारखं आहे. मिळतं, पण विचारत फिरावं लागतं. मी नगरचा. सव्विसाव्या वर्षी विमा कंपनीच्या नोकरीसाठी इथं आलो तेव्हा ऑफिसात जो तो विचारायचा, "मराठी हो? और क्रिश्चन? अच्छा, तो गोवा से होगे!" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. मग कंटाळून गोव्याचा झालो. पुढे पुढे तर घरासमोरच्या समुद्राचं वर्णनही करू लागलो. ही गोष्ट मावशींना कळली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "समुद्र ठेव हवा तर. पण आजोबांना नगरलाच राहू दे, बिचारे पोहायला कधी शिकले नाहीत."

आमचं मंडळ अकरा जणांचं. रविवारी सकाळी जो तो आपापल्या चर्चला जायचा, कोणी हिंदी, कोणी इंग्रजी. तिथं दारात 'जय मसीह की' करायचं. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता मयूर विहारला मावशींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चपला काढताना 'सलाम, मावशी' म्हटलं, की महिन्याभराचं हिंदी घशाखाली उतरायचं. दोन मराठी गीतं, एक धडा, त्यावर मावशींची उलटतपासणी, प्रार्थना, आणि मग दिल्लीच्या जाड पोह्यांचे मटार घातलेले कांदेपोहे. निळ्या फुलांचे अकरा कप होते. बारावा आमच्या आधीच फुटला होता. तो मावशींच्या यजमानांचा होता असं कोणीतरी सांगितलं होतं. यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

मागचं-पुढचं विचारायची सवय त्यांना नोकरीनं लावली असं आम्ही धरून चाललो होतो. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात त्या सेक्शन ऑफिसर होत्या. जन्म फाइलींत गेला. त्या सांगायच्या, "फाइल मधल्याच पानावर उघडून 'मॅडम, इथं सही' म्हणणारा माणूस एक तर घाईत असतो, नाही तर लबाड. दोन्ही वेळा मागची पानं बघावीत." तोच नियम त्यांनी प्रेषितांना लावला. प्रेषित पौलाच्या पत्रातली ओळ मी म्हटली, की त्या मला विचारायच्या, "पत्र आहे ना हे? कोणी लिहिलं, कोणाला, आणि कुठून? पत्त्यावर विनयचं नाव दिसतंय का?"

"नाही, मावशी."

"मग दुसऱ्याचं पत्र वाचतोयस, जरा अदबीनं वाच. तुझ्यासाठीही त्यात निरोप आहे, नाही असं नाही. पण ज्यांचं पत्र, त्यांना आधी वाचू दे."

व्हॉट्सॲप आलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता मावशी हरल्या. सकाळी सहापासून गुलाब, कबुतरं, उगवता सूर्य आणि त्यावर सोनेरी अक्षरात वचन! मावशी प्रत्येकाला एकच शब्द पाठवायच्या, "मागचं?" दोन महिन्यांत आमच्या ग्रुपवर एकही कबुतर उरलं नाही.

पण त्या नुसत्या तपासनीस होत्या असं समजू नका. मी नवीन घर घेतलं तेव्हा भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, ज्यावर यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातली ती सगळ्यांची आवडती ओळ होती. तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे बेत आहेत, अशा अर्थाची. मावशी वास्तूच्या प्रार्थनेला आल्या, घड्याळाकडे बघितलं आणि मी आपण होऊन म्हणालो, "मागचं मला ठाऊक नाही."

"मागे सत्तर वर्षं आहेत," त्या म्हणाल्या. "हे पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना आलेलं आहे. सत्तर वर्षांनी परत आणीन, असं. ज्यांनी ते उघडून वाचलं त्यातले बहुतेक तिथंच मेले, विनय. आणि तरी बेत हिताचाच होता. आता लाव घड्याळ." मग स्टुलावर चढलेल्या मला खालून म्हणाल्या, "आणि अजून थोडं मागे गेलास, तर लिहिलंय की तिथं घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपलं बाबेल ही दिल्ली. खिळा वाकडा जातोय."

त्यांनी ते पत्र अक्षरशः पाळलं. बाल्कनीत बाग लावली. मेच्या भाजणाऱ्या लू वाऱ्यात ओल्या गोणपाटाखाली अळू जगवणारी बाई दिल्लीत दुसरी नसेल. आणि शहरासाठी प्रार्थना तर अशी करायच्या की हसू आवरायला मी आतून गाल चावायचो. "हे प्रभू, यमुनेच्या पाण्याला बरं कर. ब्लू लाइन बसच्या ड्रायव्हरांना जागं ठेव. सोसायटीचे खन्नाजी पार्किंगवरून ज्याच्या त्याच्याशी भांडतात, त्यांना झोप लागत नसेल, त्यांना झोप दे." खन्नाजींच्या गाडीनं त्यांच्या अळूच्या दोन कुंड्या फोडल्या होत्या. आठवड्यानं त्या अळूवडी घेऊन त्यांच्याकडे गेल्या. "शत्रूला जेवू घाल म्हणतात, ते मागचं-पुढचं वाचूनही तसंच राहतं," त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या. "काय करणार? काही वचनांतून सुटका नाही."

त्यांना खरी चीड होती ती वचनांच्या पेटीची. आपल्यापैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावाच्या आकाराची छोटी प्लास्टिकची पेटी असते, आत वचनांची रंगीत कार्डं. नव्या वर्षाच्या उपासनेला ती फिरते, डोळे मिटून एक कार्ड काढायचं, ते तुमचं वर्षाचं वचन. मावशींपुढे पेटी आली की त्या ती तशीच पुढच्याला द्यायच्या. चेहरा असा, की जणू हातात गरम तवा आलाय. अर्थात एका नाताळाला मी त्यांना तसलीच पेटी, चांदीच्या कागदात बांधून, भेट दिली. त्यांनी उघडली, माझ्याकडे बघितलं, कार्डं काढून माझ्या खिशात कोंबली आणि पेटीत बटणं ठेवली.

आता सुमनताई. मावशींची दिल्लीतली एकुलती एक मैत्रीण. पटपडगंजला मुलाकडे राहायची. ठेंगणी, गोरी, बोलायला लागली की थांबा न घेणारी. तिला रक्तदाबाचा जुना त्रास, आणि एकदा तोंड थोडं वाकडं होऊन दवाखान्यात चार दिवस काढलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. दर तपासणीला मावशी तिच्याबरोबर जायच्या. तिच्या आजाराची फाइलसुद्धा मावशींच्याच कपाटात, तारीखवार लावलेली. दोघी एकमेकींना अगं-तुगं करायच्या आणि दुसऱ्या रविवारी सुमनताई एक तास आधी येऊन कांदे चिरायची. त्या एका तासासाठी मावशी महिना काढतात, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं होतं. माझ्या नाही.

आणि मग मी एक उद्योग केला. आमचं मंडळ वाढेना. तीच अकरा डोकी, त्यातली निम्मी पांढरी. म्हणून मी गुरुग्रामहून एका ब्रदरना पाहुणे उपदेशक म्हणून आणलं. तरुण माणूस, निळा ब्लेझर, दात जाहिरातीतले, मराठी आईकडून आलेलं थोडं मोडकं. मॉलमधल्या बँक्वेट हॉलमध्ये त्यांची मोठी सभा भरायची. ते मावशींच्या दिवाणखान्यात उभे राहिले आणि खोली लहान वाटायला लागली. पौलाच्या पत्रातली ओळ घेतली, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्यानं मी सगळं करू शकतो, ही. आवाज चढत गेला. सगळं म्हणजे सगळं! नोकरी, व्हिसा, फ्लॅट! आजार म्हणजे अविश्वास! गोळी म्हणजे देवावर शंका! "कोण आहे इथं, जो आज गोळी सोडेल?"

सुमनताई उठली. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या.

मावशी खुर्चीतून हलल्या नाहीत. "ब्रदर, मागचं वचन वाचता का जरा?"

"जी?"

"तुम्ही म्हटलंत त्याच्या आधीचं. हे घ्या पुस्तक."

ब्रदरनी वाचलं. वाचावंच लागलं. उपाशी राहायलाही मी शिकलो आहे आणि पोटभर असायलाही, विपुलतेत आणि टंचाईतही, असं काहीसं पौल तिथं म्हणतो.

"आणि हे लिहिताना पौल कुठं आहे?"

"जेल में," ब्रदर बारीक आवाजात म्हणाले.

"मग सगळं म्हणजे व्हिसा कसा? त्याला तुरुंगातून सुटताही आलं नव्हतं. तो म्हणतोय, मी सगळं सोसू शकतो. त्याच पौलानं तीमथ्याला पोटासाठी औषध सांगितलंय. लूक वैद्य होता, त्याला सोबत घेऊन फिरलाय. बिरुयाच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात तपासून घेतलं आणि त्यांना शाबासकी मिळाली. तेव्हा मी तुम्हाला तपासलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पोहे घ्या." मग त्या उठल्या, कचऱ्याच्या डब्यातून पट्टी काढली, पदरानं पुसली आणि सुमनताईपुढे धरली. "घे, सुमन."

सुमनताईचा चेहरा लाल झाला होता. भरल्या खोलीत आपला विश्वास कोणीतरी कचऱ्यातून काढून दाखवावा, हे कोणाला सोसेल? ती म्हणाली, "तुझा विश्वास एवढासा, शालिनी. म्हणून तर तुझे मिस्टर गेले."

पोह्यांवर लिंबू पिळणारा माझा हात थांबला. मावशींनी पट्टी टेबलावर ठेवली, अगदी हळू. आणि म्हणाल्या, "पोहे गार होतायत."

पुढच्या दुसऱ्या रविवारी सहा जण आले. त्याच्या पुढच्या वेळी तीन. गुरुग्रामच्या हॉलमध्ये बँड होता, एसी होता, उपासनेनंतर बिर्याणी होती, आणि मुख्य म्हणजे मागचं कोणी विचारत नव्हतं. सुमनताई पहिल्या रांगेत. आणि मी? मीही जायला लागलो. बायकोला सांगितलं की गाणी चांगली असतात. बिर्याणीही चांगली असायची.

चारेक महिन्यांनी एका दुसऱ्या रविवारी, साडेचारला, मी मयूर विहारला काही कामानं गेलो होतो म्हणून वर डोकावलो. दार उघडंच होतं. टेबलावर निळ्या फुलांचे अकरा कप मांडलेले. खुर्च्या गोल. मावशी एकट्या बसून मोठ्यानं धडा वाचत होत्या, रिकाम्या खुर्च्यांना. मला बघून थांबल्या. मी काहीतरी विनोद करणार होतो. माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक तरी असतो. त्या दिवशी नव्हता.

"सुमन गोळी घेते का?" त्यांनी विचारलं. सलाम नाही, बस नाही.

"नाही वाटतं."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे दिल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. यजमानांच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन ठरत होतं. नव्या वर्षाच्या उपासनेत पेटी फिरली आणि मावशींच्या हाती स्तोत्रातलं कार्ड आलं, मी मरणार नाही, जगेन. "मी ते ह्यांच्या उशीखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, लगेच करू. मी म्हटलं, थांबू या, आम्हाला वचन मिळालंय. हे माझं तोंड बघत राहिले आणि म्हणाले, 'तू म्हणतेस तर थांबू.' अडीच महिने थांबलो. मार्चमध्ये हे गेले." त्यांनी एक कप उगाच सरळ केला. "ते स्तोत्र ज्यानं लिहिलं तो स्वतःच्या संकटाबद्दल उपकार मानत होता. दुसऱ्याच्या फाइलवर मी ह्यांचं नाव घातलं. मी सेक्शन ऑफिसर, विनय. आणि मागची पानं न बघता सही केली."

आम्ही इतकी वर्षं ज्या सवयीची नक्कल करून हसलो, ती ऑफिसातून आलेली नव्हतीच.

"विश्वास कमी नव्हता माझा," त्या म्हणाल्या. "सुमनला उत्तर द्यायचं असतं तर हेच होतं. पण ते सांगून ती गोळी घेणार आहे का? तिला माझ्या हातून जाऊ द्यायचं नाही मला. दुसऱ्यांदा नाही." मग उठून कपाट उघडलं, पावाच्या आकाराची ती प्लास्टिकची पेटी काढली आणि बटणं वाटीत ओतली. "तू तिच्या मागच्याच रांगेत बसतोस ना? मग हे ने."

आता पोस्टमन म्हणून माझी नेमणूक झाली. पेटीत चौदा कार्डं, मावशींच्या सरकारी वळणदार अक्षरातली. प्रत्येकावर एक वचन, त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं. आणि प्रत्येक कार्डाच्या घडीत एक गोळी. रोज एक वचन, रोज एक गोळी, दोन आठवड्यांची बेगमी. ज्या वस्तूकडे त्यांनी यजमान गेल्यापासून धड बघितलं नव्हतं, तिच्यातच त्यांनी मैत्रिणीचं औषध भरलं. कारण सुमनताई देवाची पेटी परत पाठवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हॉलमध्ये मी ती पुढे केली. "मावशींनी दिलीय."

"तिला तर पेटी चालत नाही."

"आता चालते."

सुमनताईनं झाकण उघडलं, एक घडी सोडली. गोळी बघितली. स्टेजकडे बघितलं. झाकण लावून पेटी पर्समध्ये टाकली आणि पदर नीट करून गाण्यात सामील झाली. दोन रविवारांनी पेटी माझ्या मांडीवर येऊन पडली, रिकामी. मी ती घेऊन जवळजवळ पळत मावशींकडे गेलो. त्यांनी ती पुन्हा भरून दिली, पण त्या शंकेखोर. "फेकत असेल तर?"

पण त्यानंतरच्या रविवारी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. बँड टिपेला पोचलेला, शेकडो हात वर, आणि माझ्या पुढे सुमनताईचा एकच हात वर. दुसरा पर्समध्ये. मग तो तोंडाकडे गेला, मान किंचित मागे झाली, आणि दोन्ही हात वर. मी इतक्या मोठ्यानं 'हालेलुया' म्हणालो की शेजारच्यानं मला मिठी मारली.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती मजेत सांगितली असती. पण काही महिन्यांनी ब्रदरनी सुमनताईला साक्ष द्यायला स्टेजवर बोलावलं. तिच्या रक्तदाबाचा आकडा चांगला आला होता. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, "मी गोळ्या सोडल्या. प्रभूनं मला बरं केलं." हॉल उसळला. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

मी तणतणत मावशींकडे गेलो. "खोटं बोलली! तुमच्या गोळ्या खाऊन!" मावशी अळूची पानं पुसत होत्या. म्हणाल्या, "ती का बोलली ते मला कळतं. एवढ्या लोकांत एकटं पडायचं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं." मग, "पण त्या हॉलमधल्या बाकीच्यांचं काय?"

त्या वेळची पेटी भरायला त्यांना तीन दिवस लागले. तेरा कार्डांवर वचनं होती. चौदाव्यावर नव्हतं. "हे वाचून ती पेटीच बंद करेल," त्या म्हणाल्या. "मग गोळीही गेली. पण नाही लिहिलं, तर दुसऱ्या कुणाचा तरी जीव जायचा. तू वाचू नकोस." मी मेट्रोत बसताक्षणी वाचलं. एकच ओळ होती : सुमन, तुझी साक्ष ऐकून त्या दिवशी किती जणींनी घरी जाऊन गोळ्या टाकल्या असतील?

दोन रविवार पेटी परत आली नाही. तिसऱ्या रविवारी साक्षीची वेळ झाली तेव्हा सुमनताई कोणी न बोलावता स्टेजच्या पायऱ्या चढली. ब्रदरनी हसून माइक दिला. ती आधी मराठीत सुरू झाली, मग भान येऊन हिंदीत. "पिछली बार मैंने झूठ बोला। मैं गोली लेती हूँ। रोज। आप लोग भी लीजिए, फेंकिए मत…" पुढचं ऐकू आलं नाही. माइक बंद झाला होता आणि ड्रम वाजायला लागले होते. ती तशीच, बंद माइकमध्ये, हात हलवून बोलत राहिली. मग उतरली, माझ्या मांडीवर रिकामी पेटी ठेवली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेली. तिच्याबरोबर कोणी उठलं नाही. मी उठलो, पण दहा मिनिटांनी, बिर्याणी न खाता. माझ्या शौर्याची मजल तेवढीच.

तुम्हाला वाटेल, आता ती थेट मयूर विहारला गेली असेल. नाही गेली. मी पेटी पोचवायला तिच्या घरी जायचो, तिला सांगायचो, "मावशी रागावलेल्या नाहीत."

"तेच तर अवघड आहे," ती म्हणायची. "रागावली असती तर जाऊन भांडले असते. मी तिच्या नवऱ्याबद्दल काय बोलले ते तुला आठवतंय ना? मला रोज आठवतं. गोळीच्या वेळेला."

मी मावशींना सांगायचो, तुम्हीच जा ना. त्या म्हणायच्या, "मी दारात उभी राहिले तर तिला माफी मागावी लागेल. तिची ती येईल. मी कप मांडून ठेवते." दोघींच्या मध्ये रिक्षानं पंधरा मिनिटांचं अंतर. चार वर्षं त्या अंतरात ती पेटी जा-ये करत राहिली, भरलेली जायची, रिकामी यायची. दुसऱ्या रविवारी आमचं मंडळ म्हणजे मावशी आणि मी. त्या प्रश्न विचारायच्या, मी चुकायचो. नऊ कप तसेच कोरडे उचलून ठेवायचो. दारावर पावलं वाजली की त्या वाचता वाचता थांबायच्या. वरच्या मजल्यावर जाणारं कोणीतरी असायचं.

मागच्या जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, चार दिवसांच्या तापानं मावशी गेल्या. नगरहून पुतण्या निघाला होता, त्याचं विमान धुक्यानं अडकलं. कबरस्तानात आम्ही सात जण. खन्नाजी आले होते, रुमालानं नाक पुसत. मराठी पाळक दिल्लीत कुठून आणणार? हिंदी चर्चचे तरुण पास्टर आले, मावशींना न ओळखणारे. त्यांनी पुस्तक उघडून वाचलं, आणि काय वाचलं? माझ्या घड्याळावरची ओळ. हिताचे बेत. वाचून पुस्तक मिटलं.

मी मान खाली घालून उभा होतो. 'मागचं?' हा शब्द तोंडाशी आला होता. तेवढ्यात मागून, झाडापाशी उभ्या असलेल्या शालीतून, आवाज आला.

"पास्टर साहब, पीछे का भी पढ़िए।"

सुमनताई. पास्टर गोंधळले. पुस्तक परत उघडलं. सत्तर वर्षांचं वाचलं.

"और पीछे।"

ते मागे जात राहिले. आणि मग थंडीनं काकडत्या त्या आवाजात, भिंतीपलीकडच्या हॉर्नच्या गोंगाटात, त्यांनी ते सगळं वाचलं, घरं बांधण्याचं, बागा लावण्याचं, आणि परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करण्याचं. खन्नाजींनी टोपी काढली.

माती लोटून झाल्यावर सगळे गेटकडे निघाले. सुमनताई तिथंच थांबली. मी जवळ गेलो. तिनं पर्स उघडली, पावाच्या आकाराची ती पेटी काढली आणि माझ्या हातात दिली. रिकामी होती. कोपरे झिजून पांढरे झाले होते.

"येता रविवार दुसरा आहे," ती म्हणाली. "फ्लॅटची किल्ली तुझ्याकडे आहे ना? मी तीन वाजता येते. कांदे चिरायचेत." मग शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि दरडावून म्हणाली, "आणि पेटी भरून आण. कार्डावर मागचं-पुढचं सगळं लिहायचं. नुसतं मधलंच वचन आणलंस, तर गोळी घेणार नाही मी, सांगून ठेवते."